दह्याशेजारची नळी

“अहो, त्या पोरीच्या खोलीत काहीतरी जिवंत आहे.”

काकू स्वयंपाकघरात बोलत होत्या. मी जिन्याच्या मध्यावर उभी होते, हातात चहाचा रिकामा कप. काका वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, “ती स्वतः राहते तिथे.”

“चेष्टा नकोय. खिडकीत काचेची नळी आहे. मी पडदे धुवायला काढत होते, तर आत काहीतरी हललं.”

“काय होतं?”

“ते काय मी चष्मा लावून बघत बसू?”

मी आल्या पावली वर गेले. कुठली पायरी करकरते ते मला एव्हाना पाठ झालं होतं. खोलीत येऊन आधी खिडकी पाहिली. पडदे नव्हते, पण नळी जागेवर होती आणि आतला जीव कापसाच्या बोळ्याखाली पाय दुमडून बसला होता, तांदळाच्या कणीएवढा. मग मी पलंगावर बसून राहिले. मी त्या घरात शरद ऋतूत राहायला आले, आता फेब्रुवारी चालू होता, आणि मी खोलीत कोळी पाळते हे काका-काकूंना सांगायचं राहून गेलं होतं. खरं म्हणजे राहून गेलं नव्हतं. कसं सांगायचं ते सुचलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. काका बाबांचे मावसभाऊ, एडिनबराच्या एका हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर. त्यांची दोन्ही मुलं शिकायला बाहेरगावी गेलेली, म्हणून वरच्या मजल्यावरची, पुढच्या दाराच्या माथ्यावरची लहान खोली मला मिळाली. ती उत्तरेकडची होती. तिथे कोणी झोपत नाही म्हणून काकांनी कधीतरी तिथला रेडिएटर बंद केला होता. मला थंडी वाजते असं मी बोलले नाही, त्यामुळे तो बंदच राहिला. मी दोन स्वेटर घालून झोपायचे. नंतर लक्षात आलं की त्या जिवाला नेमकी अशीच खोली हवी होती, आणि मग तर बोलण्याचा प्रश्नच उरला नाही.

पुण्यात मी ज्या शाळेत शिकले तिथे विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारलं तर पूर्ण वाक्यात, उभं राहून इंग्रजीत बोलायचं, असा नियम होता. बाकीच्या मुली शाळा सुटली की तो नियम दारातच टाकून जायच्या. माझ्या अंगाला तो तसाच चिकटून राहिला. विचारलं जाणारच नाही अशा जागी बसायची कला मात्र मी चांगली कमावली होती. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाले, आणि एका प्राध्यापकांच्या ओळखीने इथल्या विद्यापीठात वर्षभराचं मदतनिसाचं काम मिळालं. इथले माझे वरिष्ठ पहिल्याच दिवशी म्हणाले, मला सर वगैरे नको, नावाने हाक मार. माझ्याच्याने ते होईना. सर म्हणायला बंदी आणि नाव तोंडातून निघत नाही, म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नसे. काम असलं की त्यांच्या दारात जाऊन उभी राहायचे, त्यांचं लक्ष जाईपर्यंत. कधीकधी खूप वेळ लागायचा.

आमचं काम दक्षिणेकडच्या टेकड्यांवरच्या स्प्रूसच्या लागवडीत चालायचं. लाकडासाठी ओळीने लावलेली झाडं, इतकी दाट की आत शिरलं की दुपारचीही संध्याकाळ व्हायची. पायाखाली सुयांसारख्या पानांचा थर, त्यावर ना गवत ना फूल. येणारेजाणारे म्हणायचे की हे मेलेलं जंगल आहे, माणसाने लावलेलं, इथे काही राहत नाही. ते खरं की खोटं हे तपासायला आमच्या कामाला एक वर्ष मंजूर झालं होतं. माझ्या वरिष्ठांचा विषय झाडांच्या सालीत शिरणारी कीड. कोळी बघायला कोणी नव्हतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

पद्धत अगदी साधी. खालच्या फांदीखाली पांढरं कापड ताणून धरायचं आणि फांदीवर काठीने दणके द्यायचे. सुया पडतात, सालीचे कपटे पडतात, हिवाळ्यात मानेवर बर्फ पडतो आणि या सगळ्यातून एखादी सुई चालायला लागते. तो कोळी. तोंडात एक रबरी नळी धरून त्याला ओढून घ्यायचं, मध्ये जाळी असते म्हणून तो घशात जात नाही. मग स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं नाव शोधायचं.

गंमत अशी, की ज्यांना मी पहिले काही आठवडे काठीने झोडपून खाली पाडत होते त्यांची जाळी मी जंगलात आधी पाहिलीच नव्हती. डोळ्यांना कोळ्याचं जाळं म्हणजे चाकासारखं गोल, अशी सवय. यांचं तसं नसतं. हे चादर विणतात. दोन फांद्यांमध्ये झोळीसारखी आडवी चादर, वर उभे-आडवे ताणलेले मोकळे धागे, आणि कोळी चादरीखाली उलटा लटकलेला. वरच्या धाग्यांना अडखळून माशी चादरीवर पडते आणि तो खालून तिला ओढून घेतो. ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी धुकं पडलं आणि मी झाडांच्या ओळीत शिरले, तर प्रत्येक फांदीला एक ओली चादर वाळत घातलेली. मी काठी खाली ठेवली. त्या जंगलात पुढे जितके हिवाळे काढले त्यांत तशी सकाळ पुष्कळदा आली, पण पहिल्यांदा मी तिथे किती वेळ उभी होते ते आठवत नाही. एवढंच आठवतं की मनात आलं, हे मला कोणी दाखवलेलं नाही.

माझं काम जूनमध्ये संपणार होतं. लागवडीत दखल घेण्यासारखं काही सापडलं तर दुसरं वर्ष, नाहीतर अहवाल पुरा करून मी पुण्याला परत. पुण्यात बाबांनी एका महिला महाविद्यालयात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. दर रविवारी फोन यायचा. बाबा सांगायचे, जागा पक्की आहे, जुलैपासून शिकवायचं. मी हं म्हणायचे. आई विचारायची, थंडी फार का? मी हं म्हणायचे. तिकडे सगळं ठरत चाललं होतं आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मला ते नको आहे असं त्यांनी कुठून ऐकलं असतं?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला कापडावर ती पडली. फिकट पिवळी, पोटावर तपकिरी नागमोडी नक्षी, आणि डोक्यामागे पाठीवर एक काळी रेघ जी डोळ्यांकडे जाताना दुभंगलेली. अशी दुभंगलेली रेघ एका अगदी नेहमीच्या कोळ्यावरही असते, बागेतल्या कुंपणावर ढिगाने सापडणाऱ्या. पण तो नेहमीचा कोळी शरद ऋतूत म्हातारा होऊन मरतो आणि हिवाळ्यात त्याची नुसती अंडी असतात. ही अर्धवट वाढलेली होती, फेब्रुवारीत, स्प्रूसच्या फांदीवर, जिवंत. पुस्तकांत मी एका वंशाबद्दल वाचलं होतं: पिटिओहायफँटीस. पाइनवरचा विणकर, असा काहीसा त्या शब्दाचा अर्थ. युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांत राहणारा, या देशात फार थोड्या ठिकाणी सापडलेला. आमच्या टेकड्यांवर कोणी पाहिल्याचं माझ्या वाचनात नव्हतं.

मी ती जिवंतच नळीत घालून वरिष्ठांच्या दारात उभी राहिले. त्यांनी भिंगातून पाहिली. म्हणाले, हे पिल्लू आहे, पिल्लाला नाव देता येत नाही, तो कुंपणावरचाच असणार. त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर होतं. या कोळ्यांची ओळख पटते ती मादीच्या पोटाखालच्या एका छोट्या तबकडीवरून, आणि ती तबकडी शेवटची कात टाकल्याखेरीज तयार होत नाही. उरलेलं निम्मं चूक होतं. तसं सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते बोलायला लागले, मी नळी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि घरी आले. प्रयोगशाळा दिवसभर भट्टीसारखी तापलेली असायची, तिथे ती जगली नसती. माझी खोली मात्र थंड होती.

तर, नळी दिसली त्याच दिवशी काकू वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या, हातात धुतलेले पडदे. मला वाटलं, आता नळी बागेत ठेवून यायला सांगतील. त्या काकू म्हणजे महिन्यातून एकदा लांब दांड्याचा झाडू घेऊन घरभर कोपऱ्यांतली जळमटं काढणाऱ्या. इथल्या बायका हसतात, पण घरात जाळं म्हणजे घर सुनं, असं त्या म्हणायच्या.

“काय आहे ते?”

मी सांगितलं. तिचं नाव कळायला ती मोठी व्हावी लागेल आणि तोवर तिला जगवायचंय, एवढंच. माझ्या कामाचं, दुसऱ्या वर्षाचं काही बोलले नाही.

“म्हणजे मुलगी वयात आल्यावर नाव ठेवणार? आपल्याकडे बाराव्या दिवशी उरकतात.” मग नळीपासून जरा दूरच राहून त्यांनी विचारलं, “खाते काय?”

“माश्या. केळ्यावरच्या बारीक माश्या.”

“जिवंत?”

मी मान डोलावली.

“अहो,” त्यांनी जिन्यावरून खाली हाक मारली, “ऐकलंत का, वीस वर्षांत या घरात अंडं शिजलं नाही. आता हे.”

खालून काका म्हणाले, “शिजवत नाहीये ना ती. कच्चंच खाते.”

तेवढ्यावर विषय संपला. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या टेबलावर एक फार पिकलेलं केळं बशीत वेगळं ठेवलेलं होतं. मी खायला लागले तर काकूंनी माझ्या हातावर हलकेच चापट मारली. ते तिच्या माश्यांसाठी होतं.

मार्च तसाच गेला. काकू रोज एकदा तरी वर यायच्या, कपडे ठेवायचं निमित्त करून. “आज जेवली का?” असं विचारायच्या, आणि मी सांगितलं की अजून नाही, तर “हट्टी आहे” म्हणून जायच्या. एकदा त्यांनी मला विचारलं की मी या किड्यांना तोंडाने ओढते हे खरं का. काकांनी कुठून तरी ऐकलं होतं. मी हो म्हटल्यावर त्या म्हणाल्या, आईला सांगू नकोस. संध्याकाळी टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागायची. काकू देवापुढच्या दिव्यासाठी वाती वळत ती बघायच्या आणि काका उत्तरं चुकायचे. मी हळूहळू त्यांच्यात बसायला लागले. उत्तरं मला यायची. मी ती मनातच देत असे. काकूंना ते कसं कळलं कोण जाणे, पण एकदा त्या वात वळता वळता म्हणाल्या, “ओठ हलतात तुझे. जरा आवाज पण लाव.”

एप्रिलच्या मध्यावर ती खायची थांबली. पोट फुगलेलं, रंग मंदावलेला. हे कात टाकण्याचं लक्षण. आणि नेमकं त्याच आठवड्यात मला तीन-चार दिवस जंगलात मुक्कामाला जायचं होतं. हिवाळ्यातली शेवटची खेप, टाळता येण्यासारखी नव्हती. परत आल्यावर सोमवारी लगेच बैठक. लागवडीची व्यवस्था बघणारे गृहस्थ येणार होते, दुसऱ्या वर्षाचा निर्णय त्याच दिवशी होणार होता.

मी काकूंना सगळं नीट समजावलं. नळी खिडकीतून हलवायची नाही. रोज कापसावर पाण्याचा एक थेंब टाकायचा, बस. कात टाकताना ती धाग्याला उलटी लटकते आणि जुन्या कातडीतून एकेक पाय ओढून काढते. हवा कोरडी असली तर पाय आत अडकतात आणि ती तशीच मरते. काकूंनी ऐकून घेतलं. मी असं सलग इतकं बोललेलं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

शनिवारी तिकडे बर्फ पडायला लागला. एप्रिलमध्ये पडतो कधीकधी. आम्ही मुक्कामाच्या झोपडीत शेगडीभोवती बसलो आणि मी खिडकीतल्या नळीचा विचार करत होते, पण काळजीने नाही. थंडी तिच्या सवयीची होती.

रविवारी संध्याकाळी घरी पोचले ती बूट न काढता वर गेले. खिडकी रिकामी होती.

काकू माझ्यामागून जिना चढून आल्या. चेहरा असा, की सणाला घर सजवून दाखवावं. “अगं, शनिवारी काय थंडी पडली. तुझ्या खोलीत तर बर्फच. गारठून गेली असती बिचारी. मी आत ठेवलीय तिला.”

“आत कुठे?”

“एअरिंग कपबर्डमध्ये. दह्याशेजारी.”

इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं. इथले लोक त्यात टॉवेल वाळवतात. मी पाहिलेल्या प्रत्येक मराठी घरात त्या कपाटात दही लागतं, इडलीचं पीठ फुगतं, मूग मोड येण्यासाठी बांधून ठेवलेले असतात. या देशात जे काही उबेला ठेवायचं ते तिथे. काकूंना तिचा जीव वाचवायचा होता, आणि जीव वाचवायची त्यांच्या घरातली जागा ती होती.

मी कपाट उघडलं. गरम हवा तोंडावर आली, आंबूस वास. टॉवेलांच्या घडीवर दह्याचं पातेलं आणि त्याला टेकवून उभी ठेवलेली माझी नळी. मी ती दिव्याखाली नेली. आत ती लटकत होती. आठही पाय लांब, पारदर्शक, हलत नव्हते. मी नळी तिरकी केली. ते शरीर तसंच वजन नसल्यासारखं डोललं.

काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “गेली का गं?”

मला राग आला होता. आणि तो राग कुणावर काढावा हेही कळत नव्हतं, कारण समोर एक बाई उभी होती जिने माझ्या कोळ्याला थंडी वाजेल म्हणून त्याला आपल्या दह्याएवढं जपलं होतं. मला आठवतं, मी मनात जूनचं तिकीट काढूनही टाकलं. महाविद्यालय, फळा, पहिल्या बाकावरच्या मुली. वाईट काही नव्हतं त्यात.

“मी पाणी घालत होते,” काकू म्हणाल्या. “तुझा तो कापूस मळका झालेला. मी बदलला. नवीन वात करून घातली, लांब, ओली राहील अशी. उघडली होती नळी, पण पळाली नाही. बघत होती माझ्याकडे.”

काका त्यांचा खिशातला छोटा टॉर्च घेऊन आले होते, पेशंटच्या डोळ्यांत मारायचा. त्यांनी तो नळीवर धरला. ओली वात बुचापासून खालपर्यंत लोंबत होती. तिच्या टोकाला धागा आणि धाग्याला ते शरीर. उजेड आरपार गेला. पोट नव्हतंच. पाठ झाकणासारखी उघडलेली होती.

“ही कात आहे,” मी म्हटलं.

काकांनी टॉर्च वर सरकवला. वातीच्या मागे, बुचाच्या अगदी जवळ, ती बसली होती. ओली, चमकदार, आधीपेक्षा मोठी, पोटावरची नक्षी आत्ताच कोणी काढल्यासारखी. पाय सगळे होते. मी दोनदा मोजले.

“शुद्धीवर आली म्हणायची,” काका म्हणाले.

काकू खाली गेल्या आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिल्या. नंतर जेवताना त्यांनी मला विचारलं की ती मेली असती तर काय झालं असतं. या वेळी मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या वर्षाचं, जूनचं, सगळं. त्यांनी ताटात भात वाढला आणि एवढंच म्हणाल्या, “हे तू तुझ्या वडिलांना सांगितलंयस?” मी नाही म्हटलं. “आणि त्या साहेबाला?” तेही नाही. काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, चेष्टा केली नाही.

आजही मला माहीत नाही की उबेमुळे तिने कात लवकर टाकली, की ओल्या वातीमुळे तिचे पाय सुटले, की हे दोन्ही न होताही ती खिडकीत तशीच मोठी झाली असती. एकच कोळी होता आणि तो एकदाच मोठा झाला. यातून काही सिद्ध होत नाही. पुढे मी अशी पिल्लं वाढवली ती थंड खिडकीतच वाढवली. वात मात्र घालायचे.

सोमवारी सकाळी लवकर प्रयोगशाळेत गेले. नळीत स्पंजचा तुकडा सरकवून तिला हळूच काचेशी दाबलं, जिवाला लागणार नाही एवढंच, आणि पोटाखालची बाजू सूक्ष्मदर्शकात आणली. तबकडी तयार झालेली होती. पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवून मी बघत राहिले. जुळत होतं. पुन्हा पाहिलं, चुकण्याची इच्छा असल्यासारखं, प्रत्येक कड तपासून. तरी जुळत होतं.

बैठक प्रयोगशाळेतच होती, आम्ही तिघंच. माझे वरिष्ठ, लागवडीकडचे ते गृहस्थ, उंच, लाल गालांचे, ओल्या लोकरीचा वास येणारे, आणि मी खिडकीपाशी. वरिष्ठांनी वर्षभराचं काम सांगितलं. सगळं खरं सांगितलं, आणि त्यातून निघत होतं एवढंच की जंगल अगदीच मेलेलं नाही पण नवीनही काही नाही. मग नेहमीसारखं माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की मला काही जोडायचंय का. दर वेळी मी नकारार्थी मान हलवायचे. या वेळी उठले आणि नळी त्यांच्या पुढ्यात ठेवली. म्हटलं, ही मोठी झाली.

ते सूक्ष्मदर्शकाकडे गेले. मी पुस्तक उघडून शेजारी धरलं. त्यांनी बघितलं, चित्र पाहिलं, पुन्हा बघितलं. फार वेळ. पाठीमागून त्यांच्या मानेवरचे केस कापायला झालेत एवढं मला दिसलं. मग ते वळले आणि म्हणाले की फेब्रुवारीत ते माझ्याशी चुकीचं बोलले होते. त्यांनी ते इतक्या सहज म्हटलं, की चूक झाली असं म्हणणं इतकं सोपं असू शकतं याचंच मला नवल वाटलं. मग त्यांनी त्या गृहस्थांना बोलावून दाखवलं. त्या गृहस्थांनी एक डोळा मिटून आत पाहिलं आणि म्हणाले, सुंदर आहे की. त्यांच्या झाडांवर असं काही राहतं याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता. किती असतील, कुठल्या ओळींत, कापणीच्या आधी कळायला हवं, असं ते बोलत गेले. दुसरं वर्ष मिळणार, हे माझ्यासमोर पाच मिनिटांत ठरलं.

आणि मग ते गृहस्थ माझ्या वरिष्ठांना म्हणाले, मी समोर नसल्यासारखं, जसं लोक माझ्याबद्दल बोलत असत तसं, काहीही वाईट मनात नसताना, “पण ही तर जूनमध्ये घरी चाललीय ना? दुसरं कोणी बघावं लागेल तुम्हाला.”

वरिष्ठांनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटत होतं. मी कधी वेगळं काही सांगितलं नव्हतं. ते नावं आठवायला लागले, कोण मोकळं आहे, कोणाला कोळी जमतील. नळी अजून सूक्ष्मदर्शकाखालीच होती. मी ती उचलली, स्पंज सैल केला, ती आत चार पावलं चालून वातीवर चढली. शाळेतली सवय, मी उभी होतेच. मी त्यांना त्यांच्या नावाने हाक मारली, पहिल्यांदा, जरा मोठ्यानेच, आणि दोघंही थांबून माझ्याकडे बघायला लागले.

“मी जूनमध्ये जाणार नाहीये,” मी म्हटलं. “येत्या हिवाळ्यात या फांद्या मीच झोडणार आहे, आणि कुठल्या ओळींपासून सुरू करायचं ते मला माहीत आहे.”